भिंगरीचं खोगीर

"आरं, जनावर कंचं ते सांग म्हनलं, तर तू तिच्या सात पिढ्या सांगाय लागला!" आप्पासाहेब म्हणाला आणि रांगेतली माणसं हसली.

छगन हसला नाही. भिंगरीची मोरकी हातात धरून तो छावणीच्या फाटकात उभा होता. पुढं कुणाचा तरी नुसता सांगाडा झालेला बैल, मागं साळूबाईची म्हैस, आणि मध्ये ही घोडी. पंगतीत न बोलावलेला पाव्हणा बसावा तशी. बहात्तर सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दिवाळी आपली म्हणायची. पाथर्डी तालुक्यातल्या त्या हिवरवाडीत खरीप हाती लागलं नव्हतं आणि रब्बी कुणी पेरलीच नव्हती. बाभळीचा पाला शेळ्यांनी संपवला होता आणि शेळ्या माणसांनी. शिवेबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं, त्याच्या शेजारी ही जनावरांची छावणी पडली. दोन्हीकडचा मुकादम एकच, आप्पासाहेब. माणूस तसा वाईट नव्हता. कंटाळलेला होता.

"घोडी हाय, आप्पासायेब. भीमथडी," छगन पुन्हा म्हणाला. "भीमेच्या काठची औलाद. आमच्या आज्यानं दौंडाकडनं आनल्याली, तिची ही..."

"पुन्ना तेच!"

"लई खात न्हाई ती. बैलाच्या निम्म्यात भागवंल. उसाचं वाढं बी खाती."

"छगनाना, ती काय खाती ह्याचा सवालच न्हाई. गाय, बैल, म्हैस, वासरू. यवढ्यांलाच चारा द्यायचा हुकूम हाय. घोडं त्यात न्हाई. आज तुझी घोडी घेतली तर उद्या कोन गाढव आनंल आन परवा कोंबड्या."

"गाढवाची आन हिची बरोबरी करता का?"

"मी कशाला करू बाबा? सरकार करतंय."

पुन्हा हशा झाला. मागून साळूबाई म्हणाली, "छगन, दोन शिंगं चिकटव की तिला. म्हस म्हनून घेत्याल आत!"

छगनने घोडी वळवली. भिंगरी वळली तीसुद्धा मान खाली न घालता. ठेंगणी, रुंद छातीची, तांबूस अंगाची, चारी पाय गुडघ्याखाली काळे. बरगड्या दिसायला लागल्या होत्या, पण डोळ्यातलं तेज अजून गेलं नव्हतं.

"थांब जरा," आप्पासाहेबाला काय वाटलं कोण जाणे, तो फाटकाबाहेर आला. "येक हाय बघ. कामावर पान्याची गाडी हाय ना आपली, पिंपांची? त्या जोडीतला येक बैल परवा वढ्यात बसला त्यो उठलाच न्हाई. ढवळ्या येकटा ऱ्हायलाय. छावनीतल्या बैलांस्नी सोताचं आंग पेलंना, गाडी काय वढत्याल? तुझी घोडी ढवळ्याच्या जोडीला जुप. कामावरचं जनावर म्हनून तिला वाढं देतो, वर मूठभर पेंड बी. त्याला कोन न्हाई म्हननार न्हाई."

रांगेत आता कुणी हसत नव्हतं.

"नवरदेव बसतो तिच्यावर," छगन म्हणाला.

"कोन बसतोय आता? लग्नं कुटं व्हायलीत?"

"सूर्यभानच्या कानिफाचं हाय की वैशाखात. मला सांगून ठिवलंय त्यानी."

"वैशाखापत्तुर जगाय पायजे ना ती," आप्पासाहेब म्हणाला, आणि पुढच्या बैलाकडं वळला.

त्या बाजूची रीत अशी की लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीला न्यायचं. त्याला परण्या म्हणतात. पुढं हलगी, सनई, मागं करवल्या, आणि घोडी अशी पाहिजे की हलगीवर पाय नाचवत जाईल. मारुतीसमोर तर जागच्या जागी नाचली पाहिजे, नाहीतर मजा काय? आसपासच्या गावांत परण्याला घोडी छगनच्या दावणीची. त्याच्या बापापासून, आज्यापासून. पैशापाण्याचं बोलणं नाही. नवरदेव उतरला की नवरदेवाचा बाप छगनला नारळ द्यायचा आणि त्याच्या डोक्याला पटका बांधायचा. भर मांडवात, पाव्हण्यांसमोर. छगनच्या डोक्यावरचा विटका गुलाबी पटका सूर्यभानच्या स्वतःच्या लग्नातला. तेव्हा भिंगरीची आजी होती आणि छगनला मिसरूड फुटत होती.

आणि दुसरी रीत अशी की ज्या पाठीवर नवरदेव बसतो त्या मानेवर जू ठेवायचं नाही. टांग्याची घोडी, गाडीची घोडी परण्याला चालत नाही. जुवाखालच्या जनावरावर बसलेला नवरा जन्मभर दुसऱ्याच्या जुवाखाली राहतो, असं म्हाताऱ्या बाया सांगायच्या. खरं-खोटं कुणी तपासलं नव्हतं. तपासायला कोण आपला पोरगा देणार?

तसं भिंगरीच्या घराण्यानं जू सोडून सगळं केलं होतं. ह्या घोड्या दिसायला काही भारी नाहीत. अंगानं लहान, मान आखूड. पण खूर असे टणक की दगडातून नालाशिवाय चालतात, आणि पोटाला नाही मिळालं तरी तोंड पाडत नाहीत. पेशव्यांच्या काळात ह्यांच्यावर बसून माणसं कुठल्या कुठं जाऊन आली, असं छगनचा आजा सांगायचा. आजाला पेशवे कुठले ते विचारलं तर "गप बस" म्हणायचा. त्याच्या नंतरची कामं मात्र छगनच्या डोळ्यांदेखतची. बापानं घोडीवरून टपालाची पिशवी नेली. नगरहून मीठ आणि गूळ आणला. देवी टोचणाऱ्या डॉक्टरला वाड्या-वस्त्यांवर फिरवलं. मेंढरांमागं कोकणात उतरणारे धनगर दोन-दोन महिने घोडी मागून न्यायचे, तिच्या पाठीवर बिऱ्हाड, वर कोंबड्या, कोंबड्यांच्या वर तान्हं पोर. एका पावसाळ्यात गावातली केशरबाई बाळंतपणात आडली होती, रात्रीतून ओढा भरून आलेला. बैलगाडी उतरेना. तेव्हा ह्या भिंगरीच्या आईनंच तिला पलीकडं नेलं होतं.

मग सडक झाली. एस.टी. आली, टपाल एस.टी.नं जायला लागलं. डॉक्टर जीपमध्ये बसले. धनगरांची पोरं कारखान्यावर लागली. एकेक काम असं निघून गेलं, जसं म्हाताऱ्याचे दात. राहता राहिला तो परण्या.

छगन घरी आला तेव्हा गोजरबाई कामावरून आलेली होती. दिवसभर खडी फोडून तिच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. ती चुलीपुढं लाल मिलोच्या, रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी थापत होती. त्या पिठाला चिकाटी नसते, भाकर हातातच फाटते. फाटलेली भाकर जोडत ती म्हणाली, "घेतली का?"

"न्हाई."

"मला म्हाईतच हुतं."

मग छगनने सगळं सांगितलं. ढवळ्याचं, जुवाचं. सांगताना त्याला वाटलं होतं की गोजरबाई आप्पासाहेबाला दोन शिव्या हासडेल. तिने नुसती तव्यावरची भाकर उलटली.

"म्हंजी? तुला काय वाटतं?" छगननेच विचारलं.

"मला काय वाटायचं हाय? गोरक्ष जाताना काय म्हनला हुता? सोडून द्या तिला, जाईल तिकडं जाईल." गोरक्ष त्यांचा मुलगा. तो आणि सून दसऱ्यालाच कोल्हारच्या बाजूला ऊसतोडीला गेले होते. "तुमाला सोडवंना. बांधून ठिवायची तर खायला घालायला न्हाई. आता कुनी खायला देतंय तर तुमचं मानपान आडवं येतंय."

"तुला कळत न्हाई, गोजे. येकदा मानंवर जू आलं की..."

"व्हय, न्हाई कळत मला." तिने भाकर टोपल्यात टाकली. "म्या ह्या घरात आले तवा हातांत हिरवा चुडा घालून, वाजतगाजत आले. आज त्याच हातांनी खडी फोडती. मला कुनी इचारलं का, गोजरबाई, तुझ्या मानंवर जू चालंल का म्हनून? तुमी तरी इचारलं का?"

बाहेर भिंगरी रिकाम्या गव्हाणीला तोंड घासत होती. लाकडावर दात घासल्याचा आवाज येत होता. दोघंही तो ऐकत जेवले.

जेवण झाल्यावर छगन हळूच म्हणाला, "तलावाचं काम मारुतीच्या मागल्या अंगाला हाय. शिवंच्या भाईर."

"मग?"

"म्हंजी मारुतीला दिसत न्हाई. गावात न्यायचीच न्हाई गाडी. वढ्यातनं तलावावर, तलावावनं वढ्यात. शिवंच्या भाईर काय झालं ते भाईरच."

गोजरबाईला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "व्हय," ती म्हणाली. "मारुतीला कोन सांगायला चाललंय?"

"आन ती काय सरळ जाईल का जुवात? तिची आई येकदा नुसती दोरी मानंवर पडली तर उधळली हुती. लाथा घालून गाडी मोडंल ती आप्पासायबाची. मग त्योच म्हनंल, ने बाबा तुझी घोडी."

हे सांगताना छगनच्या आवाजात थोडी उमेद आली. खरं म्हणजे त्याचा सगळा भरवसा ह्याच्यावरच होता. आपण नाही म्हणायचं नाही. नाही ती म्हणेल.

पण बैलाचं जू घोडीला बसतं कुठं? बैलाला वशिंड असतं, जू त्याला अडतं. घोडीच्या मानेवरून ते सरळ घसरून खांद्यावर येणार आणि दोन दिवसांत कातडं सोलणार. त्याला खाली जाड गादी पाहिजे आणि छातीवरून पट्टा पाहिजे. घरात जाड असं एकच होतं. छगनने आढ्याला टांगलेलं खोगीर खाली काढलं.

मेंढीच्या लोकरीचं खोगीर, वर तांबड्या मांजरपाटाचा अभ्रा. कडेला गोजरबाईनंच कधीतरी कवड्या शिवल्या होत्या. सगळे नवरदेव ह्याच्यावर बसलेले. छगनने विळ्यानं टाके उसवायला घेतले. दोरा जुना होता, एका जागी ओढला की लांबवर आपोआप उसवत जायचा. आतून लोकर निघाली, काळी-पांढरी, घामानं कडक झालेली. त्यातून घोडीचा आणि हळदीचा वास आला. गोजरबाईनं न सांगता चिमणी जवळ आणून ठेवली आणि कवड्या एकेक वेचून लुगड्याच्या ओच्यात बांधल्या. निम्म्या लोकरीची मानेखालची गादी झाली. पोटाला आवळायच्या तंगाचा छातीचा पट्टा झाला. उरलं ते खोगीर राहिलं नाही, नुसतं फडकं राहिलं.

सकाळी कामावर मस्टर मांडायच्या आधीच बघे जमले होते. घोडी लाथ मारते का बघायला. ढवळ्या म्हातारा खिल्लार, त्याला काही घेणं नव्हतं, तो रवंथ करत उभा. छगनने भिंगरीला त्याच्या शेजारी आणलं. तिच्या कपाळावरून हात फिरवला. गादी ठेवली, पट्टा ओढला.

"सरका रं मागं, पोरांनो," आप्पासाहेब ओरडला. "दात पडत्याल कुनाचं तरी."

छगनने जू उचललं आणि तिच्या मानेवर टेकवलं. एक पाऊल मागं सरून तो उभा राहिला. त्याच्या मनात तो तिला सांगत होता. मार. मार लाथ, बये.

भिंगरीनं एक कान मागं केला. मान थोडी हलवली, ओझं कुठं आहे ते पाहिल्यासारखी. ढवळ्यानं पाय उचलला तशी तिनंही उचलला. पिंपं खडखडली आणि गाडी निघाली.

"आयला!" कुणीतरी म्हणालं. "ही तर जन्माची जुवातली हाय."

"गुनाची हाय," आप्पासाहेब म्हणाला. "नाना, उगंच घाबरवलं की आमाला."

छगन कासरा धरून चालत राहिला. इतक्या वर्षांत त्या घोडीनं त्याला तोंडघशी पाडलं नव्हतं. आज पाडलं आणि तेही शहाण्यासारखं वागून. संध्याकाळी तिला उसाच्या वाढ्याची पेंढी मिळाली. तिच्या खाण्याचा कचाकचा आवाज ऐकत तो शेजारी बसून राहिला. पोटभर खाणाऱ्या जनावरावर रागावता येत नाही.

हिवाळा असाच गेला. काम काय, रोजचंच. ओढ्यात खणलेल्या झऱ्यातून डब्यानं पाणी काढायचं, पिंपं भरायची, तलावावर न्यायची. बाया डोक्यावरची पाटी खाली टाकून यायच्या, ओंजळ धरायच्या. भिंगरीच्या बरगड्या झाकल्या गेल्या. मान मात्र गादीखाली केस झडून गुळगुळीत झाली. कधी लांबच्या वस्तीवर कुठं देवाचं काही असलं आणि हलगी वाजली की ती दावणीला उभ्या उभ्या पाय उचलायला लागायची. एक पुढचा, मग दुसरा. गोजरबाई म्हणायची, "बघा, बघा. वऱ्हाड न्हाई, नवरा न्हाई आन ही खुळी नाचती." छगनला ते ऐकून बरं वाटायचं. म्हणजे आहे अजून. जुवानं ते काही गेलं नाही.

होळीच्या पुढं गावातली विहीर आटली. तळाला गाळ राहिला, त्यात एक कासव सापडलं. पोरांनी ते बादलीत ठेवलं, पण बादलीत घालायला पाणी कुणी देईना. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब छगनला म्हणाला, "उद्यापास्नं येक खेप गावात. पिंपं चावडीम्होरं लावायची."

"गावात?"

"मग काय रानात प्यायचं का लोकांनी पानी? काय झालं?"

"काय न्हाई," छगन म्हणाला.

गावात जायचा रस्ता मारुतीवरूनच. पारावर सकाळची म्हातारी माणसं बसलेली. गाडी जवळ आली तसं बोलणं थांबलं. सगळ्यांना माहीत होतंच, शिवेबाहेरचं गावाला कळत नाही असं कुठं असतं? पण माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं. छगनने मारुतीकडं पाहिलं नाही. डोक्यावरचा पटका सारखा केला आणि पुढं गेला. चावडीपुढं बायांची झुंबड होती. साळूबाई घागर भरून घेताना म्हणाली, "छगन, तुझ्या घोडीचं भलं होवो रं." ती मनापासून म्हणाली होती. ह्या वेळी थट्टा नव्हती तिच्या बोलण्यात.

सूर्यभान आला तो पाडव्यानंतर. बागाईतदार माणूस, पण ह्या साली त्याच्याही विहिरीत चिखलच होता. दोन वेळा पुढं ढकललेलं मुलाचं लग्न आता आणखी ढकललं तर पोरीकडचे मोडतील म्हणून उरकून घ्यायचं होतं. तो ओट्यावर बसला. गोजरबाईनं बिनदुधाचा चहा दिला. चहा संपला तरी तो कपाकडंच बघत होता.

"छगनाना," शेवटी तो म्हणाला, "कानिफाच्या लग्नाचं सांगायला आल्तो. समद्यांनी यायचं."

"येनार की. घरचंच हाय."

"व्हय." सूर्यभाननं घसा साफ केला. "त्या परन्याचं म्हनत हुतो. तसं मला काय न्हाई. मी सोता तुझ्या घोडीवर बसलोय, माझा बाप बसला. पर पोरीकडची मानसं हायेत. ती परवा बोलनी करायला आल्ती, तवा गाडी गावातनं चालल्याली. त्यांनी बघितलं. त्यांच्यातली येक म्हातारी लगीच म्हनली, जुवाची घोडी हाय का? आता काय सांगायचं?"

"खरं तेच सांगायचं."

"पाथर्डीच्या बँडवाल्याचं पांढरं घोडं सांगितलंय," सूर्यभान एका दमात बोलून मोकळा झाला. "तू राग धरू नको."

"राग कसला? तसंबी खोगीर कुटं हाय माझ्याकडं," छगन म्हणाला.

सूर्यभान उठला. दारात थांबून तो म्हणाला, "दुसरं येक. लग्नाच्या दिवशी पान्याची खेप जरा मांडवाकडं लावता येईल का? आप्पासायबाला बोललोय मी. पाव्हनी मानसं, तान लागनार."

"लावतो."

तो गेल्यावर गोजरबाई कप विसळायला निघाली. विसळायचं म्हणजे काय, कडेला लागलेलं बोटानं पुसायचं. "पटका न्हाई, नारळ न्हाई, पर पानी पायजे," ती म्हणाली.

"लोकांना तान लागनारच की."

"म्या कुटं न्हाई म्हनते?" तिने नवऱ्याकडं पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "तवा म्याच बोलले तुमाला. जुवाचं."

"तू बोलली म्हनून ती दावनीला हाय," छगन म्हणाला.

लग्नाच्या दिवशी सकाळपासूनच ऊन करपवत होतं. छगनने ओढ्यावर पिंपं भरली. झरा इतका मंद झाला होता की एक पिंप भरेपर्यंत सावली हातभर सरकायची. भरलेली गाडी घेऊन तो मारुतीपर्यंत आला आणि समोरून परण्या येताना दिसला. रस्ता अरुंद. त्याने गाडी पाराच्या कडेला घेतली. चावडीकडं निघालेल्या चार बाया, साळूबाईसुद्धा, रिकाम्या घागरी घेऊन गाडीशेजारीच थांबल्या.

पुढं हलगीवाले होते. मागं पांढरं घोडं, पाठीवर टिकल्यांची झूल, कपाळाला तुरा. उंच होतं दिसायला. पण ते नाचत नव्हतं. बँडवाल्याचा माणूस लगाम ओढत होता आणि ते एकेक पाय टाकत होतं. झूल वाऱ्यानं उडाली तेव्हा छगनला त्याच्या बरगड्या दिसल्या. उपाशी होतं बिचारं. वर कानिफ बसला होता, मुंडावळ्यांच्या आड. हा कानिफ लहानपणी भिंगरीवर बसवा म्हणून रडायचा. त्याचं लक्ष गाडीकडं गेलं. त्याने हात थोडा उचलला, नमस्काराला की कशाला कोण जाणे, आणि परत खाली ठेवला.

मारुतीसमोर परण्या थांबला. हलगीवाल्यांनी चाल बदलली.

भिंगरीनं कान टवकारले. पुढचा डावा पाय उचलला. ठेवला. उजवा उचलला. जुवाखाली तिने मान कमानीसारखी केली, छाती पुढं काढली आणि ती नाचायला लागली. ढवळ्याला काही कळेना, तो एका बाजूला ओढला जात उभा होता. जू वर-खाली होऊ लागलं. गाडी गचके खाऊ लागली. पिंपांच्या तोंडातून पाणी उसळून फुफाट्यात पडलं.

"आगं बया! पानी! पानी सांडतंय!"

बाया धावल्या. कुणी घागर खाली धरली, कुणी पदर. वऱ्हाडातली पोरं गाडीकडं बोट दाखवून हसायला लागली. "ती बघा, बैलाची नवरी!" कुणीतरी ओरडलं. सूर्यभान मान वळवून देवळाच्या कळसाकडं बघत राहिला.

"छगन, आवर की तिला!" साळूबाई ओरडली.

छगनने कासरा ओढला. ती थांबली नाही. कासऱ्यानं थांबणारं ते नव्हतंच. ती शिंगरू असताना त्यानेच तिला शिकवलं होतं की हलगी वाजते तोपर्यंत कुणाचं ऐकायचं नाही, लगाम ओढला तरी नाही, गर्दी अंगावर आली तरी नाही. हातातल्या काठीनं एकेक पाय टिचवत, हरभऱ्याचा दाणा दाखवत शिकवलं होतं.

क्षणभर त्याला वाटलं, सांडू दे. नाचू दे तिला. लोकांना त्यांचं पाणी मिळालंय, तिलाही तिचं नाचणं मिळू दे. तिचे टणक खूर भिजलेल्या मातीत ठसे उठवत होते आणि ते त्याने डोळे भरून पाहिले. मग साळूबाई दिसली. खाली वाकून, ओल्या फुफाट्यातून ओंजळीनं चिखल घागरीत भरणारी.

त्याने डोक्यावरचा पटका काढला. सरसर उलगडला. भिंगरीच्या कपाळावरून, दोन्ही कानांवरून घेऊन त्याने तो गच्च गुंडाळला, गळ्याखाली गाठ मारली आणि वरून दोन्ही तळहात दाबून धरले. तिचं डोकं त्याने छातीशी घेतलं. पटक्याच्या आत कान फडफडत होते. पाय एकदा उचलला गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. गाडी स्थिर झाली. पिंपांतलं पाणी थोडा वेळ हिंदकळलं, मग तेही थांबलं.

हलगी वाजतच होती. परण्या देवळाला फेरी घालून मांडवाकडं वळला, लांब गेला. आवाज गल्लीत शिरून बारीक झाला आणि बंद झाला, तरी छगनने हात काढले नाहीत.

"गेलं सगळं," साळूबाई जवळ येऊन म्हणाली. "सोड आता तिला."

"असू दे."

"डुई बोडकी हाय रं तुझी. मांडवात जायाचंय ना?"

"पानी न्यायचंय," छगन म्हणाला.

त्याने कासरा हातात घेतला. ढवळ्यानं पाय उचलला, तशी भिंगरीनंही उचलला. मारुतीवरून गाडी पुढं निघाली. गुलाबी पटका बांधलेली घोडी आणि तिच्या बाजूनं उन्हात चालणारं ते अर्धं पिकलेलं, उघडं डोकं. मागं पाराशी ओल्या मातीत तिच्या खुरांचे गोल ठसे उमटले होते, त्यात बोटभर पाणी साठलं होतं. गाडी लांब गेल्यावर देवळाच्या वळचणीतून एक चिमणी खाली आली आणि त्यात चोच घालायला लागली.